मंगळवारचं पाणी

"काका, आज तर पाणीच आलं नाही. मग तुम्ही तपासलं काय?"

त्रिवेणीने हे विचारलं तेव्हा हणमंतराव इंदुताईंच्या ओसरीवर बसून बशीत चहा ओतत होते. पायाशी खात्याची लाकडी पेटी, मांडीवर छापील तक्ता. 'सूखी बावली गल्ली, शेवटचा नळ' या ओळीपुढे त्यांनी नुकतंच 'पॉइंट दोन' लिहिलं होतं. शाई अजून वाळायची होती.

इंदुताईंच्या या सुनेने काही उलटतपासणी घ्यायची म्हणून विचारलं नव्हतं. सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात त्यांच्यासाठी आणलेली चिवड्याची ताटली. मनात आलं ते बोलून गेली बिचारी. पण हणमंतरावांनी कप खाली ठेवून मांडीवरचा तक्ता उलटा केला.

"वरच्या टाकीतलं घेतलं," ते म्हणाले. "तिथूनच येतं की शेवटी इथं. फर्स्ट क्लास पाणी आहे बघ."

"ऐकलंस?" इंदुताई आतून तांदूळ निवडत ओरडल्या. "हणमंतराव दर मंगळवारी येऊन तपासून जायलेत, आणि ही बया रोज दोन-दोन पातेली पाणी उकळायली! वीस दिवसांत सिलिंडर फूस. नवीन नंबर लावायचा म्हणजे काय कमी परेशानी आहे का? वीस वर्षं झाली आम्ही हेच पाणी प्यायलोत. काही झालं का आम्हाला?"

"तसं नाही आत्याबाई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या…"

"डॉक्टरीणबाई काय आपली लाइन तपासायला येतात? हणमंतराव, तुम्हीच सांगा हिला. बारावी सायन्स झाली म्हणून माझं ऐकत नाही ही."

त्रिवेणीने हणमंतरावांकडे पाहिलं. 'दोन जिवांच्या बाईला उकळलेलं बरं, ताई' एवढं एक वाक्य म्हणायला त्यांचं काय जात होतं? काही जात नव्हतं. पण ते म्हणायचं तर आधीचं 'फर्स्ट क्लास' परत घ्यावं लागलं असतं. हणमंतरावांनी बशीतला चहा संपवला.

"हाव," त्रिवेणी म्हणाली. "बंद करते."

जाताना हणमंतरावांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर गेली. जामबागेत, म्हणजे या गल्लीच्या भागात, पाणी एक दिवसाआड यायचं. ज्या दिवशी येईल त्या तारखेवर त्रिवेणी कुंकवाच्या बोटाने ठिपका द्यायची, म्हणजे भांडी कधी भरून ठेवायची ते कळायचं. सोमवारी ठिपका होता. आजच्या मंगळवारचा चौकोन कोरा होता.

हणमंतराव पाण्याच्या खात्यात सॅम्पलर होते, तीस वर्षं. मूळचे भालकीकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. चुलत्याचा हात धरून हैदराबादेत आले आणि खात्याला चिकटले. काम म्हटलं तर साधं. पाणी सुटलेलं असताना नळावर जायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, काचेची नळी तीनदा विसळून भरायची, त्यात बाटलीतले पाच थेंब टाकायचे आणि नळी उजेडात धरायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, निर्धास्त प्या. पांढरंच राहिलं तर क्लोरीन वाटेत खर्ची पडलं, म्हणजे कुठेतरी पाइपात घाण शिरली. शेवटच्या नळावर निदान पॉइंट दोन तरी दिसलंच पाहिजे, असा नियम.

आणि हे काम त्यांनी एके काळी असं केलं, की विचारू नका. अफझलगंजात दुकानदार त्यांना 'दवावाले साब' म्हणायचे. एकदा तिथल्या एका सार्वजनिक नळावर नळी पांढरी राहिली, तर हा माणूस नळाच्या तोंडावर हात ठेवून दोन तास उभा राहिला. बायका शिव्या देत होत्या, घागरी वाजवत होत्या. हा हलला नाही. लाइन बंद झाल्यावरच घरी आला. सुशीलाबाई, त्यांची बायको, हा किस्सा अजून पाहुण्यांना सांगायच्या. सांगू लागल्या की अलीकडे हणमंतराव उठून बाहेर जायचे.

माणूस काही एका दिवसात बिघडत नाही हो. चार वर्षांपूर्वी शहरातली चर्चा बदलली. परदेशी कर्ज येणार, सगळं हायटेक होणार, खात्यात नोकरभरती बंद. तीन सॅम्पलर एकापाठोपाठ रिटायर झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांचे नळ हणमंतरावांच्या गळ्यात आले. आठाचे सत्तावीस नळ झाले. पाणी सुटतं सकाळी दीड तास. दीड तासात सत्तावीस नळ कुणाच्या बापाला जमणार आहेत? साहेबांना विचारलं, तर साहेब म्हणाले, ॲडजस्ट करो.

तरी पहिले काही महिने ते धावले. एकदा सुलतान बाजाराच्या मागच्या बोळात शून्य आलं ते शून्य लिहिलं, तर त्यांनाच मेमो मिळाला. विनाकारण घबराट पसरवली म्हणे. आणि पाणी नसलेल्या दिवशी रकाना कोरा ठेवला, तर नव्या कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी म्हणायची, अंकल, खाली नको, खाली असलं की एंट्री होत नाही. मग हणमंतरावांनी पहिल्यांदा एका नळापुढे न बघता पॉइंट दोन लिहिलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही त्यांना. महिन्याभराने जेवण जायला लागलं. वर्षाभराने पेटी उघडायचीच बंद झाली. बाटलीतलं औषध आटून तळाला तपकिरी डाग राहिला. आपण याला पाट्या टाकणं म्हणतो; खात्यातले सगळेच टाकत होते, तेही टाकायला लागले. सूखी बावली गल्लीत पेटी घेऊन जात मात्र राहिले, कारण इंदुताईंच्या ओसरीवर सावली होती आणि चहात आलं असायचं.

दीड महिन्याने एका सकाळी कोठी भागातल्या इराणी हॉटेलात ते तक्ता भरत बसले होते. समोर यादगिरी येऊन बसला. हा त्या भागाचा लाइनमन, गल्ल्यांचे व्हॉल्व उघडणारा.

"हणमंतराव साब, सुने क्या? सूखी बावली गल्ली में पाँच घरों में पीलिया निकला."

"कुणाकुणाकडे?"

"वो आखरी घर है ना, तुम चाय पीते वो. उनकी बहू को दवाखाने में डाले. पेट से है बोलते."

हणमंतराव उठले. तक्ता तिथेच टेबलावर राहिला. यादगिरीने हाक मारून हातात दिला.

प्रसूतीच्या दवाखान्यात व्हरांड्यात इंदुताईंचा मुलगा प्रकाश भिंतीला टेकून उभा होता. सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला असलेला हा बडबड्या माणूस. त्या दिवशी एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"बोलेना झाली काका. कालपासून ओळखत नाही. डॉक्टर म्हणायलेत, ही कावीळ बाकीच्यांना बरी होते, पोटुशी बाईला सोसत नाही. पाण्यातून आली म्हणायलेत."

हणमंतरावांनी दारातून आत पाहिलं. त्रिवेणीचे डोळे अर्धवट उघडे होते आणि हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. नळीत दिसायला हवा होता तो रंग. हणमंतरावांना तिथे उभं राहवेना. 'येतो' म्हणाले आणि जिना उतरून रस्त्यावर आले.

ती चौथ्या दिवशी गेली. बाळ तिच्या आधी दोन तास पोटातच गेलं.

गल्लीत एकूण अकरा जण आजारी पडले. पेपरात चार ओळी आल्या, म्हणून खात्यात चौकशी लागली. हणमंतरावांना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आज गेली नोकरी. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं हायसंही वाटलं होतं.

पण साहेब खुशीत होते. चहा मागवला.

"बैठो, बैठो. तुम्हारे शीट ने बचा लिया हम सबको," साहेब म्हणाले. "देखो, हर मंगलवार, पॉइंट टू, पॉइंट थ्री. कॉम्प्युटर में है. लाइन का पानी एकदम ठीक था. मतलब घरवालों की गलती. वो लोग नल को मोटर लगाए थे ना? मोटर खींचा, मोरी का पानी अंदर आ गया. सबसे बड़ी मोटर तो जो औरत मरी उसके आदमी की है."

"साब, मोटर तो पूरी गल्ली में है. पानी ही ऊपर नहीं चढ़ता…"

"वही तो. इल्लीगल." साहेबांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "लिखा है कि तुम हर हफ्ते खुद जाकर टेस्ट किए. यहाँ साइन करो. दो साल हैं तुम्हारे रिटायरमेंट को. आराम से निकल जाओ."

हणमंतरावांनी सही केली. काय सांगावं? केली. पेन उचललं, सही केली, चहासुद्धा पूर्ण प्यायले.

घरी सुशीलाबाईंनी विचारलं, "काय झालं हो चौकशीचं?" ते म्हणाले, "मिटलं." मग दोन दिवस ताप काढला.

तेराव्याला ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी गल्लीत जाणं भागच होतं, कारण आता दर आठवड्याला अहवाल मागितला होता. साहेबांनी नवं औषध, नव्या नळ्या दिल्या होत्या. गल्लीत पाणी सुटलेलं होतं. घरोघर चुलीवर पातेली चढलेली दिसत होती. आता सगळेच उकळत होते.

इंदुताईंच्या ओसरीवर प्रकाश खाली बसला होता. पुढ्यात पाण्याची मोटर, फोडलेली. बाजूला हातोडी. तोंडाला दाढी वाढलेली.

"या काका," तो म्हणाला. वर न बघता. "खात्याची नोटीस आली. तुमचं पाणी चांगलं होतं म्हणे. माझ्या मोटारीनं घाण ओढली."

"प्रकाश…"

"तिच्यासाठी बसवली होती हो. सातव्या महिन्यात नळाच्या खड्ड्यात वाकून घागरी भरायली होती. मी म्हणलं, नक्को वाकू, मोटर लावू." त्याने मोटारीचं झाकण उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मीच मारलं काका तिला. पैपाहुण्यांत सगळे तेच म्हणायलेत. माझी सासू तेराव्याला माझ्या हातचं पाणी प्याली नाही."

इंदुताई दारात येऊन उभ्या होत्या. पंधरा दिवसांत बाई वाळून गेली होती. तरी म्हणाल्याच, "बसा हणमंतराव. चहा टाकते. उकळलेल्या पाण्याचा आहे."

त्या चहाच्या नावानेच हणमंतराव मोडले. पेटी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या बोलायला लागले.

"ताई, चहा नको. मी तपासलं नव्हतं."

"काय?"

"पाणी. दोन वर्षं झाली, मी इथला नळ एकदाही तपासला नाही. तुमच्या ओसरीवर बसून आकडा लिहीत होतो. पेटीत औषधसुद्धा नव्हतं. पाणी कसं होतं ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. प्रकाश, बाबा, तुझ्या मोटारीचं नाव ज्या कागदानं घेतलंय, तो खोटा आहे. माझी सही आहे त्याच्यावर."

प्रकाश उठला. त्याने हणमंतरावांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. धरली तशीच सोडून दिली. मग तो पुन्हा खाली बसला आणि मोठा आवाज काढून रडला. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता, असं शेजारणी नंतर सांगत होत्या.

इंदुताई रडल्या नाहीत. त्या आत वळून कॅलेंडरकडे बघत राहिल्या. ठिपके एका तारखेपर्यंत येऊन थांबले होते.

"तिला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तिनं विचारलं होतं. पाणी नाही तर तपासलं काय, म्हणून."

"हो."

"तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलं. आणि मी तिला गप्प बसवलं. ती खरं बोलायली होती, आणि मी तुमचं ऐकून माझ्या लेकरासारख्या पोरीला गप्प बसवलं."

पाया पडावं असं हणमंतरावांच्या मनात आलं, पण पाया पडायचीही लाज वाटली.

"पाणी आलेलं आहे," इंदुताई म्हणाल्या. "तपासा."

"ताई…"

"माझ्यासमोर तपासा. वीस वर्षं तुम्ही इथं यायलात, मी एकदाही बघितलं नाही काय करता ते."

हणमंतराव खड्ड्यातल्या नळाशी वाकले. दोन मिनिटं पाणी वाहू दिलं. नळी तीनदा विसळली. हात विसरले नव्हते. पाच थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. आजूबाजूच्या दारांतून बायका येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांनी वाट पाहिली. पाणी पांढरं राहिलं. थोडाही पिवळेपणा नाही.

"म्हणजे काय?" इंदुताईंनी विचारलं.

"म्हणजे लाइनीत घाण आहे. आजही आहे. नुसत्या मोटारीनं असं होत नाही, रस्त्यातला पाइपच कुठेतरी मोरीत फुटलाय."

"लिहा."

त्यांनी शून्य लिहिलं. इंदुताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि प्रकाशच्या हातात दिलं. "ऊठ," त्या म्हणाल्या. "तोंड धू. हे तिच्या हातचं आहे. यांच्या तक्त्याशी लावून दाखव साहेबाला. ठिपका नाही त्या दिवशीसुद्धा यांचा आकडा आहे."

तिघेही त्याच दिवशी खात्यात गेले. साहेब आधी हसले, मग चिडले, मग हणमंतरावांना बाजूला घेऊन म्हणाले, पागल हुए क्या? हणमंतराव प्रकाशच्या शेजारी बाकड्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "साब, मेरा बयान नया लिखो." साहेब लिहून घेईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहिलं, मराठीत, कारण घाईत दुसरी भाषा सुचेना. त्याखाली सही केली. मंगळवारचे ते बारा कोरे चौकोन कॅलेंडरवर सगळ्यांसमोर होते. ते खोडता येईनात.

चौथ्या दिवशी गल्ली खणली. इंदुताईंच्या घरापासून वीस पावलांवर पाण्याचा पाइप मोरीतून जात होता आणि त्याचा सांधा पार कुजलेला होता. चमच्याने खरवडून निघावा इतका. किती दिवसांचा, विचारलं तर यादगिरी म्हणाला, साल-दो साल का तो होगा. एकदा कुणी नळी भरून बघितली असती तर सापडला असता. प्रकाशची नोटीस मागे घेतली.

हणमंतराव सस्पेंड झाले. पेन्शनचं काय होईल ते कुणी सांगेना. साहेबांची बदली झाली, चांगल्या ठिकाणी. सुशीलाबाई आता अफझलगंजचा किस्सा कुणाला सांगत नाहीत.

हणमंतरावांनी अफझलगंजातल्या काचसामानाच्या दुकानातून स्वतःसाठी दोन नळ्या आणि औषधाची बाटली आणली. खात्याने सूखी बावली गल्लीला अजून दुसरा सॅम्पलर दिलेला नाही. मंगळवारी सकाळी ते कापडी पिशवी घेऊन बस पकडतात, शेवटच्या नळावर येतात, पाणी भरून नळी उजेडात धरतात. इंदुताई दारात येतात, पिवळं दिसलं की मान हलवून आत जातात. चहाचं कुणी विचारत नाही. त्यांनाही बसायचं नसतं.

गेल्या मंगळवारी पाणी नव्हतं. हणमंतराव तरीही कोरड्या नळासमोर खड्ड्याच्या कडेला उभे होते. नव्या वर्षाचं कॅलेंडर दाराशी लागलं होतं. त्याच्यावर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. इंदुताई कुंकू लावत नसत.

"आज नाही आलं," इंदुताई दारातून म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्या त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या.

"हाव ताई," हणमंतराव म्हणाले. त्यांनी पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि तिच्यापुढे लिहिलं, पाणी नाही. मग वही इंदुताईंच्या बाजूला वळवून धरली, त्यांना वाचता येईल अशी.